मधला ठिपका

(घरामागचं अंगण. सूर्य मावळून अर्धा तास झालाय. तिवयांवर दोन दुर्बिणी, एक मोठी आणि एक लहान. समोर कुंपणाची भिंत आणि तिच्या वर पश्चिमेचं थोडं मोकळं आकाश. दादा, त्यांची धाकटी बहीण आणि वहिनी.)

धाकटी: झालं माझं.

दादा: बोलू नकोस. कागद पालथा घाल.

धाकटी: बोलले कुठे? झालं एवढंच म्हटलं.

दादा: ‘झालं’ हेसुद्धा बोलणंच. एवढ्यात झालं, म्हणजे काढण्यासारखं काहीतरी स्पष्ट होतं, हे मला कळतं. तेवढंही कळता कामा नये.

वहिनी: साठी उलटली दोघांची, तरी एका अंगणात बसून परीक्षेतल्या मुलांसारखे कागद लपवतायत. वन्सं, चहा घ्या. दिवे घालवून ओतलाय, तेव्हा कपात किती आणि बशीत किती ते विचारू नका.

दादा: दार लोटून घे. आतला उजेड येतोय.

वहिनी: घेतलं. वन्सं, यांनी बातमी सांगितली का तुम्हाला? नसेल सांगितली.

धाकटी: कसली बातमी?

दादा: अगं, मी सांगणार होतो. कागद उलटल्यावर.

वहिनी: तुमचे कागद उलटेपर्यंत माझ्या पोटात राहायची नाही ती. यांचं नाव छापून येणार आहे. धूमकेतू-ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणारं ते केंद्र आहे ना, जिथे हे एकतीस वर्षं पानंच्या पानं पाठवतात आणि जिथून ‘पोचलं’ एवढंसुद्धा कधी येत नाही, तिथून पत्र आलंय. सकाळपासून चारदा वाचून घेतलंय माझ्याकडून.

दादा: मोबाइलवरची अक्षरं मुंगीएवढी. म्हणून.

धाकटी: काय लिहिलंय पत्रात?

दादा: हा धूमकेतू फुटला, त्याची पहिली नोंद माझी. दहा तारखेची. मी लिहिलं होतं, ‘डोक्यातला मधला ठिपका दिसत नाही. नुसता धूर.’ बाकीच्यांना ते चौदा तारखेला कळलं. मोठमोठ्या दुर्बिणी आणि कॅमेरेवाल्यांना. कारखान्यात लेथ चालवणारा एक कातारी चार दिवस पुढे होता त्यांच्या.

वहिनी: मला तीस वर्षांत एवढंच कळलं, की ठिपका आहे तोवर धूमकेतू जिवंत. तो गेला की नुसती राख.

दादा: राख नाही, धूळ.

वहिनी: धूळ तर धूळ. यांनी आधी ओळखली ना?

धाकटी: आणखी काय लिहिलंय?

दादा: त्या संध्याकाळचं चित्र मागितलंय. आणि सोबत दुसरं कुणी निरीक्षक असेल तर त्याचंही. पुष्टीसाठी. उद्यापर्यंत पाठवायचंय. तू दहाला तुझ्या गच्चीवरून बघितलंस ना?

धाकटी: बघितलं.

दादा: मग झालं तर. वही आणलीयेस?

धाकटी: आणलीये. आधी आजचे कागद उलटू, दादा.

दादा: उलट. एक, दोन... हे काय?

धाकटी: मला असं दिसलं. दोन ठिपके. एक तेजस्वी आणि त्याच्यामागे, शेपटीच्या बाजूला, दुसरा मंद. दोघांमध्ये पुसट पूल असल्यासारखं.

दादा: माझ्यात एकही नाही.

धाकटी: बघतेय.

दादा: तू इंटरनेटवर फोटो बघून आलीस.

धाकटी: नाही आले. तुझाच नियम आहे. वीस वर्षांत मोडला नाही, आज कशाला मोडू?

दादा: मग ताणून बघितलंस. दिवसभर काचपट्ट्यांवरच्या पेशी मोजणारी बाई तू. कुठेही नजर गेली की ठिपके दिसणारच.

वहिनी: अहो, असं काय बोलता?

धाकटी: बोलू दे, वहिनी. दादा, माझी नळी चार इंची. तुझी आठ इंची, आरसा तू हाताने घासलेला. मला दिसलेलं तुला दुप्पट स्वच्छ दिसायला हवं.

दादा: आरशावर दव आलं असेल.

धाकटी: बघू का तुझ्यातून?

दादा: बघ.

धाकटी: दव नाही. दोन्ही ठिपके लख्ख आहेत. मागच्याच्या पलीकडे तिसराही असावा, खात्री नाही. तू माझ्यातून बघ.

दादा: ... धूर आहे.

धाकटी: नुसता?

दादा: धूर म्हटलं ना. सरकव, तुझी फोकसची चकती सैल आहे. ... धूर.

वहिनी: आता दोघांपैकी एकाचं काहीतरी चुकलं, एवढंच ना? उद्या परत बघा. चहा निवतोय तुमचा.

धाकटी: वहिनी, हा दहा तारखेचा माझा कागद.

वहिनी: मला काय कळतंय त्यातलं? गोल आहे. मधे टिंब.

धाकटी: हो. टिंब आहे. टाचणीच्या टोकासारखं. बाजूला मी लिहिलंय, ‘ठिपका तीक्ष्ण, एकसंध.’ संध्याकाळचे सात दहा.

दादा: माझी नोंद सात पाचची.

धाकटी: माहीत आहे.

दादा: पाच मिनिटांत ठिपका उगवत नाही.

धाकटी: नाही उगवत.

दादा: म्हणजे तू म्हणतेस, मी खोटं लिहिलं?

धाकटी: असं मी आयुष्यात म्हणणार नाही. तू दिसलं तेच लिहिलंस. कुठल्या डोळ्याने बघतोस तू?

दादा: उजव्या. कायम उजव्या. डाव्याची सवय नाही.

धाकटी: नळीला डोळा लावलास की नजर कुठे ठेवतोस?

दादा: हे तू मला विचारतेस? तुला हे शिकवलं कुणी? अंधुक गोष्ट सरळ बघितली की नाहीशी होते. नजर तिच्या जरा बाजूला ठेवायची, कडेने बघायचं. पहिल्याच दिवशी सांगतो मी सगळ्यांना.

धाकटी: म्हणजे मधे तू कधी बघतच नाहीस.

दादा: कुणीच अनुभवी माणूस बघत नाही.

धाकटी: दुर्बीण सोड. तो शुक्र बघ, भिंतीच्या वर. डावा डोळा तळव्याने झाक. आणि आज कडेने नको. अगदी सरळ, त्याच्यावर नजर रोखून बघ.

दादा: हा पोरखेळ झाला.

धाकटी: एकदा बघ ना, माझ्यासाठी.

वहिनी: बघा हो. बहीण एवढी म्हणतेय.

दादा: झाकला. बघतोय.

धाकटी: दिसतोय?

दादा: थांब जरा.

वहिनी: काय झालं?

दादा: ढग आला का?

वहिनी: छे. एक ढग नाही. शुक्र तर लखलखतोय समोर.

दादा: सरळ बघितलं की जातो. नजर जरा सरकवली की येतो. ... परत गेला.

धाकटी: शुक्र अंधुक नाहीये, दादा.

दादा: ते मला सांगू नकोस.

वहिनी: वन्सं, काय चाललंय हे? मला समजेल असं बोला.

धाकटी: उजव्या डोळ्याची मधली नजर गेलीये त्याची. कडेची शाबूत आहे. आणि हा दुर्बिणीत कायम कडेनेच बघतो, म्हणून गेलेली कळली नाही. घरात वावरताना डावा डोळा सांभाळून घेत होता.

वहिनी: असं कसं कळणार नाही माणसाला?

धाकटी: दुसऱ्या कुणालाही कळलं असतं. वाचताना, सुईत दोरा ओवताना. यालाच नाही कळणार. चाळीस वर्षांची सवय आहे.

दादा: दहा तारखेलाही असंच होतं म्हणजे.

धाकटी: मला वाटतं, त्याच्या खूप आधीपासून. वही देशील तुझी? मी लाल दिव्यात बघते.

दादा: घे.

वहिनी: अहो, चष्म्याच्या दुकानातल्या माणसाने चिठ्ठी दिली होती ना? ‘नंबर बदलून उपयोग नाही, डॉक्टरांना दाखवा’ म्हणाला होता. तेव्हाच दाखवलं असतं तर?

धाकटी: कधी दिली होती?

वहिनी: चार महिने झाले. रोज विचारलं मी. मी म्हणजे यांना घरातली घड्याळाची टिकटिक. ऐकू येते, पण ऐकत कुणी नाही.

धाकटी: चार महिने, दादा?

दादा: डॉक्टर थेंब घालतात. डोळ्याची बाहुली ताणून ठेवतात. मग पुन्हा बोलवतात, पुन्हा थेंब. धूमकेतू नुकता सापडला होता, दर आठवड्याला उजळत होता. अशा वेळी एक संध्याकाळसुद्धा घालवायची नव्हती मला. तो गेला की जाणार होतो.

वहिनी: चार महिने वाचवल्या संध्याकाळी. बसा आता घेऊन.

धाकटी: वहिनी, नको.

वहिनी: नको कसं? मी कुणाशी भांडू? त्या सुताराशी तर हे भांडले. सांगा ना बहिणीला. दाराची चौकट वाकलीये म्हणून त्याला दोनदा बोलावला. बिचाऱ्याने ओळंबा लावून दाखवला, ‘साहेब, दोरीत आहे.’ तर हे म्हणतात, मला लेथवर शतांश मिलिमीटर कळायचा, तू मला सरळ काय ते शिकवतोस? अर्धे पैसे कापले त्याचे.

धाकटी: चौकट कुठल्या डोळ्याला वाकडी दिसते, दादा?

दादा: दोन्ही उघडे असताना.

धाकटी: आता उजवा झाक. डाव्याने बघ. वहिनी, आतला दिवा लावा, चौकट दिसू दे.

वहिनी: उजेड चालेल ना आता?

दादा: लाव.

धाकटी: काय दिसतंय?

दादा: मधे पोट आलंय चौकटीला. कडीच्या वर.

धाकटी: बरं.

दादा: बरं म्हणू नकोस. प्रयोगशाळेत पेशंटला म्हणतेस तसं मला म्हणू नकोस. डावाही गेला, असं म्हण.

धाकटी: गेला नाही. सुरुवात झालीये. मी डोळ्यांची डॉक्टर नाही, पण जेवढं माहीत आहे ते सांगते. डोळ्यात इंजेक्शन देतात. आहे ते कधी कधी थांबतं. गेलेलं परत येत नाही.

दादा: आपल्या आत्याचंही असंच गेलं. तेव्हा तर इंजेक्शनही नव्हतं.

वहिनी: आत्यांचं वय झालं होतं.

दादा: माझ्याएवढी होती ती. पहिला डोळा गेला, आणि वर्षाच्या आत दुसरा. शेवटी आपण समोर उभे राहिलो की ती आपल्या कानाकडे बघून बोलायची. तोंड दिसायचं नाही तिला. आपण लहान, आपण हसायचो.

धाकटी: तू हसायचास. मी चिडायचे.

दादा: हो. तू चिडायचीस.

वहिनी: उद्या सकाळी पहिला नंबर लावते. नऊला उघडतं म्हणतात, मी आठलाच जाऊन बसते दारात.

दादा: वहीत काय सापडलं?

धाकटी: उद्या सांगू का?

दादा: आज. माप घेतलंस ना? मग वाचून दाखव.

धाकटी: मागच्या पावसाळ्याच्या आधीपर्यंत सगळं ठीक आहे. मग हा तारकागुच्छ, जो मधे दाट असतो, तो तू मधे विरळ काढलायस. लिहिलंयस, ‘मध्यभाग पोकळ वाटला, हवा खराब असावी.’ पुढच्या महिन्यात परत तसंच. परत हवाच खराब. त्यानंतर जे जे काढलंयस ते सगळं मधे पोकळ आहे.

दादा: आणि तो कड्यासारखा तेजोमेघ?

धाकटी: तो बरोबर आलाय.

दादा: तो मुळातच पोकळ.

धाकटी: हो.

दादा: वर्ष होत आलं म्हणजे. किती नोंदी होतात?

धाकटी: धूमकेतूच्या आणि इतर धरून त्रेसष्ट.

दादा: म्हणजे त्रेसष्ट सुटे भाग कारखान्याबाहेर पाठवले, आणि मोजायचं मापकच झिजलेलं.

वहिनी: मी एक बोलू? मला अक्कल कमी, पण बोलते. हा धूमकेतू फुटलाय ना? खरोखर फुटलाय?

धाकटी: फुटलाय. आज मीच दोन तुकडे बघितले.

वहिनी: मग यांनी लिहिलं ते शेवटी खरंच ठरलं की. त्यांना कुठे माहीत आहे कुठल्या डोळ्याने बघितलं? छापू दे नाव. एकतीस वर्षं थंडीत कुडकुडलेत हे या अंगणात. लग्नांना गेले नाहीत, बारशांना गेले नाहीत, आभाळ स्वच्छ आहे म्हणून. एकदा नाव येतंय, तर येऊ दे. वन्सं, तुम्ही तो दहा तारखेचा कागद नाही पाठवला तर कुणाचं काय बिघडतंय?

धाकटी: मी पाठवणार नाही. दादाने सांगितल्याशिवाय कुठेच नाही पाठवणार.

वहिनी: ऐकलंत? झालं मग.

दादा: धाकटे, ते फुटण्याची वेळ कशावरून काढणार आहेत?

धाकटी: पहिल्या नोंदीवरून मागे मोजत जातील. तुकडे किती वेगाने लांब गेले, तेही त्यावरूनच.

दादा: म्हणजे माझी दहा तारीख धरली तर पुढचं सगळं गणित चार दिवसांनी चुकणार.

धाकटी: थोडंफार. फोटो आहेत त्यांच्याकडे, सावरून घेतील.

दादा: पण चुकणार.

धाकटी: हो. चुकणार.

दादा: कारखान्यात एकदा एका पोराने नजरेच्या अंदाजाने एक दांडा काढला. मापात बसला, चपखल. मी तो भंगारात टाकला. रडायला आला पोरगा, म्हणाला, ‘मास्तर, बसतोय की.’ मी म्हटलं, बसतोय, पण तू मोजला नाहीस.

वहिनी: तो दांडा होता हो. हे तुमचं नाव आहे.

दादा: भंगारात टाकला होता मी, त्याच्यादेखत. आता कुठल्या तोंडाने ठेवू?

वहिनी: मी आत जाते. मला नाही बघवत.

दादा: बस इथेच. बस गं. तू गेलीस तर दार उघडून उजेड येईल.

वहिनी: दिवा तर मघापासून लागलेलाच आहे.

दादा: असू दे मग. बस.

धाकटी: दादा, आजच करायचं असं नाही.

दादा: उद्या ते थेंब घालतील. परवा कुणी म्हणेल, आधी तब्येतीचं बघा. मग छापून येईल, आणि मग मी म्हणेन, आता छापलंच आहे. माझं मला माहीत आहे. मोबाइल काढ. नोंद मागे घ्यायचा अर्ज असतो त्यांच्या पानावर.

धाकटी: सापडला. दहा तारखेची एकच?

दादा: सगळ्या. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. पहिल्या पोकळ गुच्छापासून.

धाकटी: भरतेय. ... कारण विचारतायत. यादीतून निवडायचंय. ढग, चंद्राचा उजेड, उपकरणातला दोष, तारखेची चूक, इतर.

दादा: उपकरणातला दोष.

धाकटी: तुझा आरसा निर्दोष आहे. आत्ताच बघितलं मी त्यातून.

दादा: मग ‘इतर’ घाल. आरशाला उगाच बोल नको.

धाकटी: ‘इतर’ला खुलासा मागतात. एक ओळ.

दादा: लिही, निरीक्षकाला मधलं दिसत नाही.

धाकटी: लिहिलं.

वहिनी: एवढंच? एकतीस वर्षांचं एवढंच?

दादा: एका ओळीचीच जागा आहे गं. आता तुझा दहा तारखेचा कागद जोड त्याला. तुझ्या नावाने. ठिपका एकसंध, सात दहा.

धाकटी: माझं नाव नको.

दादा: निरीक्षकाशिवाय नोंद नसते. जोड.

धाकटी: जोडला. ... दादा, खाली अजून एक रकाना आहे. सगळ्याच अर्जांना असतो बहुतेक. ‘आपल्या पुढील निरीक्षणाची तारीख.’

दादा: मोकळा सोड.

धाकटी: मोकळा सोडला की अर्ज पुढे जात नाही.

दादा: मग घाल कुठलीतरी.

धाकटी: कुठली घालू?

दादा: गुरुवारची घाल.

धाकटी: गुरुवारी काय आहे?

दादा: काही नाही. गुरुवार आहे. आभाळ तर असेलच ना.